मेंढपाळांची काठी : करिश्माई ख्रिस्ती युवा चळवळी आणि सत्तेचा दुरुपयोग

थ्रेड. ऑक्टोबर १९७०. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील फोर्ट लॉडरडेल या समुद्रकाठच्या शहरात चार ख्रिस्ती प्रवचनकार एकत्र जमले. निमित्त लाजिरवाणे होते. ज्या संस्थेच्या व्यासपीठावरून ते शिकवत, तिच्या प्रमुखाचे नैतिक स्खलन उघडकीस आले होते. चौघांनाही एकच भीती वाटली : आज तो घसरला, उद्या आपल्यापैकी कोणीही घसरेल. त्यांनी एकमेकांसाठी प्रार्थना केली आणि ठरवले की यापुढे प्रत्येकाने आपले आयुष्य उरलेल्या तिघांच्या देखरेखीखाली ठेवायचे.

हेतू अत्यंत निर्मळ होता. पुढच्या वीस वर्षांत याच बैठकीतून निघालेल्या शिकवणीमुळे हजारो तरुणांनी नोकरी, घर, लग्न यांसारखे निर्णय दुसऱ्याच्या हाती सोपवले, आणि त्यांतील कित्येकांना ते परत मिळवण्यासाठी आयुष्याचा मोठा तुकडा खर्ची घालावा लागला. गैरवर्तनाला आळा घालण्यासाठी उभारलेली व्यवस्थाच गैरवर्तनाचे साधन कशी झाली, हा या धाग्याचा विषय.

आधी शब्दाकडे पाहू. ‘करिश्मा’ हा मूळ ग्रीक शब्द. नव्या करारात संत पौलाने तो देवाने फुकट दिलेल्या देणगीसाठी वापरला. मराठी ख्रिस्ती परिभाषेत त्याला ‘कृपादान’ म्हणतात. अन्य भाषांत बोलणे, आजार बरे करणे, भविष्यवाणी करणे ही अशी कृपादाने. पौलाच्या लेखी ती साऱ्या मंडळीत वाटली गेलेली असतात, कोणा एकाची मक्तेदारी नसते. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याने हाच शब्द उचलला आणि त्याला नेत्याच्या अंगचे वलय हा अर्थ दिला : अनुयायी ज्याच्या ठायी असामान्य सामर्थ्य पाहतात, त्याची सत्ता. ज्या चळवळींबद्दल येथे लिहिले आहे त्यांची शोकांतिका या दोन अर्थांच्या मधल्या जागेत घडली. पौलाचा करिश्मा सांगत सांगत त्या वेबरच्या करिश्म्यापाशी येऊन थांबल्या.

करिश्माई नवजागरणाचा आरंभ साधारणपणे ३ एप्रिल १९६० या दिवसापासून मोजतात. कॅलिफोर्नियातील व्हॅन नाइस येथील एपिस्कोपल धर्मगुरू डेनिस बेनेट यांनी त्या रविवारी आपल्या सुशिक्षित, सुस्थित मंडळीसमोर सांगून टाकले की आपल्याला पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा झाला असून आपण अन्य भाषांत प्रार्थना करतो. तोवर असला प्रकार गरिबांच्या पेंटेकॉस्टल प्रार्थनाघरांपुरता समजला जाई. फेब्रुवारी १९६७ मध्ये पिट्सबर्ग येथील ड्युकेन विद्यापीठाच्या कॅथलिक विद्यार्थ्यांच्या एका शिबिरात तोच अनुभव आला आणि लाट कॅथलिक चर्चमध्ये शिरली. विद्यार्थ्यांचे शिबिर, हे विसरू नये. या चळवळीचे रक्त प्रथमपासून तरुण होते.

आणि काळही तरुणांचा होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरी भागात जमलेले हिप्पी अमली पदार्थ आणि मुक्त प्रेम यांतून थकून बाहेर पडू लागले होते. त्यांतल्या अनेकांना येशू सापडला. केस लांबच राहिले, गिटार हातातच राहिली, फक्त गाण्यांचे शब्द बदलले. कोस्टा मेसा येथील कॅल्व्हरी चॅपल या मंडळीने त्यांना अनवाणी पायांनी आत येऊ दिले. पॅसिफिक महासागरात सामुदायिक बाप्तिस्मे होऊ लागले. जून १९७१ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने ‘येशू क्रांती’ मुखपृष्ठावर आणली. पुढल्याच वर्षी डॅलसमध्ये ‘एक्स्प्लो ७२’ या मेळाव्यास सुमारे ८०,००० तरुण जमले.

घरातून निघून आलेला, आईबापांशी बोलणे तोडलेला, विशीच्या उंबरठ्यावरचा हा समाज. त्याला देव मिळाला होता, पण दिनक्रम नव्हता. कोणी वडीलधारे हवे होते. ती पोकळी कोणी ना कोणी भरणारच होते. डेव्हिड बर्ग याने ती सर्वांत भीषण रीतीने भरली. १९६८ मध्ये हंटिंग्टन बीच येथे सुरू झालेल्या त्याच्या गटाला पुढे ‘चिल्ड्रन ऑफ गॉड’ हे नाव पडले. बर्गची पत्रे तेथे धर्मग्रंथासारखी वाचली जात. अनुयायांवर, त्यांच्या लेकरांवर जे लैंगिक अत्याचार झाले त्यांचा तपशील १९९५ मध्ये इंग्लंडमधील न्यायमूर्ती वॉर्ड यांच्या प्रदीर्घ निकालपत्रात नोंदला गेला आहे. मात्र बर्गचे उदाहरण एका अर्थी सोपे आहे. तो मुख्य प्रवाहापासून इतका दूर गेला की त्याला ‘पंथ’ म्हणून बाजूला काढता येते. फोर्ट लॉडरडेलच्या सज्जनांचे तसे करता येत नाही, म्हणूनच त्यांचा अभ्यास अधिक मोलाचा.

ते चौघे म्हणजे बॉब ममफर्ड, चार्ल्स सिम्पसन, डॉन बॅशम आणि डेरेक प्रिन्स. १९७४ मध्ये कॅनडाचे अर्न बॅक्स्टर त्यांना मिळाले. ‘फोर्ट लॉडरडेलचे पाच’ हे नाव रूढ झाले. यांतील प्रिन्स यांचा जन्म १९१५ साली बंगळुरातला, ब्रिटिश लष्करी कुटुंबातला. शिक्षण ईटन आणि केंब्रिज येथे, विषय तत्त्वज्ञान. भोळसट मंडळींचा हा कारखाना नव्हता. ‘न्यू वाइन’ हे त्यांचे मासिक करिश्माई वर्तुळात प्रचंड वाचले जाई, आणि त्यांच्या भाषणांच्या ध्वनिफिती घरोघर फिरत. कॅसेट हे त्या काळचे नवे माध्यम होते. दूरच्या गावात बसलेल्या तरुण गटाला प्रसिद्ध प्रवचनकाराचा आवाज आपल्या बैठकीत ऐकू येई, आणि आवाजाबरोबर त्याचा अधिकारही आत येई.

शिकवण अशी होती. प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीला एक प्रत्यक्ष, हाडामांसाचा मेंढपाळ हवा. केवळ रविवारी प्रवचन देणारा पाळक नव्हे. तुम्हाला नावानिशी ओळखणारा, तुमच्या आयुष्याची विचारपूस करणारा माणूस. त्या मेंढपाळाचा अधिकार देवाने सोपवलेला असतो, म्हणून त्याची आज्ञा मोडणे म्हणजे देवाची आज्ञा मोडणे. जो कोणाच्याच अधीन नाही तो ‘आच्छादना’बाहेर आहे, डोक्यावर छप्पर नसलेल्या घराप्रमाणे सैतानाला मोकळा. मेंढपाळालाही वरचा मेंढपाळ असे, त्याला त्याच्या वरचा, आणि ही उतरंड अखेर त्या पाचांपर्यंत पोचे. सदस्य आपल्या उत्पन्नाचा दशमांश थेट आपल्या मेंढपाळाला देत.

सोपवलेल्या अधिकाराची ही कल्पना पाचांनी शून्यातून काढलेली नव्हती. चीनमधील ख्रिस्ती नेते वॉचमन नी यांच्या लेखनातून ती आली होती, आणि ब्वेनोस आइरेसचे पाळक ह्वान कार्लोस ओर्तिझ यांच्या शिष्यत्वविषयक शिकवणीने तिला रोजच्या व्यवहाराचा आकार दिला. चळवळ भरात असताना तिचे अनुयायी लाखभर होते, असा अंदाज आहे.

कागदावर ही व्यवस्था लष्करी वाटते. प्रत्यक्षात ती प्रथम मायेची वाटे, आणि तिचे सामर्थ्य नेमके तेथेच होते. नवख्या मुलामुलींना जेवायला बोलावले जाई. आजारपणात कोणी उशाशी बसे. घर बदलताना दहा जण सामान उचलायला येत. अमेरिकेच्या एकाकी उपनगरांत हे अप्रूप होते. मग हळूहळू गटाबाहेरचे मित्र सुटत. आठवड्याच्या भेटीत मनातले सगळे बोलून दाखवायचे : मोह, शंका, आईवडिलांवरचा राग, आवडलेली मुलगी. सांगणारा मोकळा होई. ऐकणाऱ्याच्या हाती मात्र दुसऱ्याच्या मनाच्या किल्ल्या येत. पुढे त्याच मुलाने एखाद्या निर्णयाला विरोध केला, तर महिन्यांपूर्वीची कबुली आठवून दिली जाई : तुझा हा विरोध त्या जुन्या अहंकारातून येतो आहे.

रॉबर्ट लिफ्टन या मनोविकारतज्ज्ञाने १९६१ मध्ये चीनमधील विचार-सुधारणेच्या छावण्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात कबुलीजबाबाच्या या पंथाचे आणि भारलेल्या शब्दांचे वर्णन आहे. छावणी आणि प्रार्थनागट यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. येथे कुंपण नव्हते, बंदूकधारी पहारेकरी नव्हते, दार उघडेच होते. पण शब्दांचे काम तेच होते. ‘बंडखोर आत्मा’ हा असाच एक शब्द. तो एकदा कोणाला चिकटला की त्याच्या तक्रारीतला मजकूर तपासण्याची गरजच उरत नसे. तक्रार करणे हेच दोषाचे लक्षण ठरे. असा बंदोबस्त झाल्यावर पहारेकरी कशाला हवेत?

मराठी वाचकाला येथे एक आवाज आठवायला हवा. सप्टेंबर १८८३ मध्ये पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. दोनच वर्षांत त्यांचा आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून जो वाद झाला, तो जवळजवळ शंभर वर्षांनी फोर्ट लॉडरडेलात कोणीतरी वाचायला हवा होता. रमाबाईंनी पुरुषांना शिकवावे की नाही, त्यांनी कोणते सिद्धांत मानावेत, हे बिशपांनी आणि भगिनीसंघाने ठरवावे अशी अपेक्षा होती. रमाबाईंनी बजावले की मोठ्या कष्टाने भटशाहीचे जू मानेवरून उतरवल्यावर तसेच दुसरे जू केवळ ते ख्रिस्ती आहे म्हणून त्या मानेवर घेणार नाहीत. त्यांना सदसद्विवेक आहे आणि देवाचा आवाज ऐकायला मध्यस्थ लागत नाही. उत्तरात त्यांना अहंकार सोडण्याचा आणि आज्ञाधारक होण्याचा उपदेश मिळाला. शंभर वर्षांपूर्वीही उत्तर तेच होते.

याच रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये जून १९०५ मध्ये मुलींच्या प्रार्थनेतून मोठे नवजागरण झाले : रडणे, पापकबुली, अंगात आग शिरल्याचा अनुभव. लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवरील प्रसिद्ध नवजागरणाच्या जवळजवळ एक वर्ष आधी. म्हणजे जागतिक पेंटेकॉस्टल इतिहासाचा एक उगम पुणे जिल्ह्यात आहे. त्या अनाथ, दुष्काळग्रस्त मुलींना संस्थेबाहेर आसरा नव्हता, हेही इतिहासकाराने नजरेआड करू नये. कोवळ्या मुलींवरील प्रभावाचा प्रश्न महाराष्ट्रात त्याआधीच विचारला गेला होता. १८९३ मध्ये पुण्यातील शारदा सदनातून पालकांनी मुली काढून घेतल्या आणि न्यायमूर्ती रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, ते याच मुद्द्यावर. विरोधकांच्या हेतूंत जातीचा, धर्माचा अभिमान होताच. पण आश्रयदात्याच्या छपराखाली राहणाऱ्याची श्रद्धा कितपत स्वतंत्र, हा प्रश्न हेतूंपेक्षा जास्त टिकाऊ आहे.

पुन्हा अमेरिकेकडे. १९७५ मध्ये स्फोट झाला. दूरचित्रवाणीवरील प्रभावी धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन यांनी या शिकवणीवर जाहीर हल्ला चढवला आणि आपल्या वाहिनीवर पाचांना बंदी केली. त्यांच्या कानावर तरुणांच्या ज्या कहाण्या आल्या होत्या, त्यांत माणसे देवाऐवजी मेंढपाळाचा हवाला देऊन बोलत होती. ऑगस्टमध्ये मिनियापोलिसच्या कर्टिस हॉटेलात दोन्ही बाजूंचे नेते समोरासमोर बसले. वातावरण इतके तापले की पुढे त्या बैठकीचा उल्लेख गोळीबाराच्या उपमेने होऊ लागला. निष्पन्न काही झाले नाही. दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, कॅन्सस सिटीच्या प्रचंड करिश्माई संमेलनात मेंढपाळ चळवळीचा तांडा मोठ्या संख्येने मिरवत होता.

कर्टिस हॉटेलातील ती बैठक वाचताना एक गोष्ट खटकते. वाद धर्मशास्त्राचा होता आणि तो करणारे सगळे नेते होते. ज्या तरुणांच्या आयुष्याबद्दल बोलणे चालले होते, त्यांतील कोणाला तेथे खुर्ची नव्हती.

पडझड आतूनच झाली. प्रिन्स १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात बाहेर पडले. प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीला व्यक्तिगत मानवी मेंढपाळ असलाच पाहिजे, हे मत त्यांना शास्त्राधारित वाटेनासे झाले होते. १९८६ मध्ये ‘न्यू वाइन’ बंद पडले. १९८९ मध्ये ममफर्ड यांनी जाहीर क्षमायाचना केली : या शिकवणीमुळे अनारोग्यकारक अधीनता निर्माण झाली, कुटुंबे दुभंगली, आणि आपण वेळीच थांबवले नाही. पाचांपैकी इतक्या स्पष्ट शब्दांत बोलणारे तेच. सिम्पसन यांनी अतिरेक मान्य केले, पण मूळ कल्पना सोडली नाही.

या चळवळीबद्दल अंतिम मत देताना १९७० ची ती बैठक पुन्हा पाहावी लागते. चौघांनी परस्परांच्या अधीन होण्याचे ठरवले तेव्हा ते समान दर्जाचे होते. कोणीही उठून जाऊ शकत होता, प्रत्येकाकडे स्वतःचे नाव, स्वतःचे श्रोते होते. तोच नियम एकोणीस वर्षांच्या मुलीला आणि तिच्या पस्तीस वर्षांच्या मेंढपाळाला लावला, की ‘परस्पर’ हा शब्द गळून पडतो. उत्तर फक्त खालच्याने वरच्याला द्यायचे. वरच्याने खालच्याला काय उत्तर द्यायचे, याची तरतूद पाचांच्या शिकवणीत कोठेच नव्हती.

आता अटलांटिक ओलांडू. १९८५ मध्ये अमेरिकी करिश्माई नेते जॉन विंबर इंग्लंडमधील शेफील्ड येथे आले. पोलादाचे गिरणगाव, कारखाने बंद पडत चाललेले, तरुण बेकार. त्या भेटीने भारावलेल्यांत क्रिस ब्रेन नावाचा एक संगीतकार आणि त्याच्या भोवतीचा मित्रांचा गट होता. क्रुक्स उपनगरातील सेंट थॉमस चर्चच्या पाळकांनी त्यांना स्वतंत्र उपासना चालवण्याची परवानगी दिली. रविवारी रात्री नऊ हीच वेळ मोकळी होती, म्हणून १९८६ मध्ये सुरू झालेल्या या उपासनेचे नावच ‘नाइन ओक्लॉक सर्व्हिस’ पडले.

आत शिरणाऱ्याला चर्चऐवजी क्लबात आल्यासारखे वाटे. अंधार, प्रक्षेपित चित्रे, धूर, कानठळ्या बसवणारे हाउस संगीत, काळे कपडे घातलेली विशीतील शेकडो मुले. आणि विषय पर्यावरण, गरिबी, अण्वस्त्रे. चर्च ऑफ इंग्लंडच्या रिकाम्या होत चाललेल्या बाकांकडे पाहून खिन्न झालेल्या बिशपांना हे स्वप्नवत वाटले. ब्रेनला धर्मगुरुपदाची दीक्षा देण्याची प्रक्रिया नेहमीपेक्षा घाईने उरकण्यात आली. दीक्षाविधीसाठी त्याने ‘द मिशन’ या चित्रपटात रॉबर्ट डी निरोने घातलेला झगा मिळवला, हा तपशील इतका बोलका आहे की कादंबरीकाराने तो रचला असता तर वाचकांनी अतिशयोक्ती म्हटली असती. १९९३ मध्ये उपासना शहराच्या मध्यवर्ती पॉन्ड्स फोर्ज या क्रीडासंकुलाच्या वास्तूत हलली. तिला आता ‘ग्रहीय मिस्सा’ म्हणत.

पडद्यामागे ब्रेनभोवती तरुण स्त्रियांचा एक गट तयार झाला होता. ‘होमबेस टीम’ हे त्याचे अधिकृत नाव. काम काय? त्याच्या घरातील झाडलोट, स्वयंपाक, कपडे, त्याची सेवा. समर्थन असे दिले जाई की थोर कार्य करणाऱ्याला संसाराच्या कटकटीतून मोकळे ठेवणे हीसुद्धा सेवाच. हळूहळू ‘सेवे’त मालिश आले, आणि मालिशानंतर लैंगिक वर्तन. या स्त्रिया अडाणी नव्हत्या. त्यांत पदवीधर होत्या, स्त्रीवादावर चर्चा करणाऱ्या होत्या. खुद्द चळवळ स्त्रीमुक्तीची भाषा बोलत होती. पण भाषा नेत्याच्या मालकीची होती. जिने नकार दिला तिला जुन्या, मागास लैंगिक संस्कारांतून अजून सुटका झालेली नाही असे ऐकावे लागे. अमेरिकेत ‘बंडखोर आत्मा’ जे काम करत होता, ते येथे ‘मागासलेपणा’ करत होता. पारंपरिक धर्मशास्त्र आणि पुरोगामी धर्मशास्त्र, दोहोंतून एकच कुलूप घडवता आले, यावरून दोष सिद्धांतात किती आणि सत्तेच्या रचनेत किती याचा अंदाज यावा.

प्रत्येक स्त्रीला वाटे की हे आपल्या एकटीच्याच बाबतीत घडते आहे. १९९५ मध्ये काही जणी एकमेकींशी बोलल्या, आणि ही समजूत कोसळताच सगळा डोलारा कोसळला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बातमी फुटली. उपासना बंद झाली. नोव्हेंबरमध्ये बीबीसीच्या वृत्तपटात ब्रेनने स्त्रियांशी अनुचित लैंगिक वर्तन केल्याचे मान्य केले आणि धर्मगुरुपद सोडले. फौजदारी खटला मात्र झाला नाही. प्रौढ स्त्रिया, स्वेच्छेने येणाऱ्या; मग गुन्हा कोठे, असा त्या काळचा सूर होता.

शेफील्डपासून चर्चने काय शिकावे याची चर्चा चालू असतानाच इंग्लंडच्या दुसऱ्या टोकाला एक नवा तरुण मेळावा बाळसे धरत होता. लंडनजवळच्या चॉर्लीवूड येथील चर्चचे युवाकार्यकर्ते माइक पिलावाची यांनी १९९३ मध्ये ‘सोल सर्व्हायव्हर’ हा उन्हाळी महोत्सव सुरू केला. सॉमरसेट परगण्यातील शेप्टन मॅलेट येथील प्रदर्शनाच्या मैदानात तंबू ठोकून हजारो किशोरवयीन मुले राहत, गात, रडत, प्रार्थना करत. मॅट रेडमनसारखे गीतकार येथूनच पुढे आले आणि त्यांची गाणी जगभरच्या इंग्रजी उपासनांत पोचली. पिलावाची यांची शैली ब्रेनच्या अगदी उलट : गोंधळलेला, विनोदी, स्वतःवरच हसणारा काका. झगा नाही, धूर नाही. २०१९ मध्ये महोत्सव थांबवला तेव्हा तो कीर्तीच्या शिखरावर होता. २०२० मध्ये त्यांना राजसन्मान आणि कँटरबरीच्या आर्चबिशपांचा पुरस्कार दोन्ही मिळाले.

एप्रिल २०२३ मध्ये वृत्तपत्रांतून तक्रारी बाहेर आल्या. जुलैमध्ये त्यांनी राजीनामा दिला. सप्टेंबरमध्ये चर्चच्या चौकशीने निष्कर्ष काढला की त्यांनी आपल्या आध्यात्मिक अधिकाराचा वापर माणसांवर ताबा ठेवण्यासाठी केला. तरुण पुरुष प्रशिक्षणार्थींना मालिश करणे, तरुणांशी कुस्ती खेळणे हे प्रकार घडले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये ज्येष्ठ वकील फियोना स्कोल्डिंग यांचा स्वतंत्र अहवाल आला.

त्या प्रकरणातील सर्वांत शिकण्याजोगा भाग कुस्तीचा नव्हे, तर अबोल्याचा आहे. एखाद्या मुलाला अचानक जवळ केले जाई : सहल, जेवण, व्यासपीठावर जागा, तू खास आहेस हे आश्वासन. मग एके दिवशी, कारण न सांगता, त्याच्याकडे पाठ फिरवली जाई. मुलगा आपल्या हातून काय चुकले ते शोधत बसे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलासाठी हा माणूस म्हणजे गुरू, मालक, भविष्यातील सगळ्या संधींचा दरवाजा, आणि ज्याच्या हाताखाली पवित्र आत्म्याचा पहिला अनुभव आला तो साक्षीदार. त्याची मर्जी गेली म्हणजे देवाची गेली की काय, या दोन गोष्टी वेगळ्या करायला त्या वयात कोण शिकवणार? अनुभव खोटा नव्हता. तंबूतले अश्रू बहुतेकांचे खरे होते. म्हणूनच तर त्या मुलांना पुढे कोणत्या आठवणी जपाव्यात आणि कोणत्या टाकाव्यात हे ठरवता येईना.

तक्रारी आधी झाल्याच नव्हत्या असे नाही. वर्षानुवर्षे कोणी ना कोणी बोलले होते. ऐकणारे बहुधा त्याचे मित्र, सहकारी, किंवा त्यानेच घडवलेले तरुण नेते होते. आणि समोर आकडे होते : इतके हजार तंबू, इतकी हजार मुले, इतके नवे धर्मगुरू या मैदानातून निघालेले. शेफील्डच्या बिशपांसमोरही असेच आकडे होते. फळावरून झाड ओळखावे हे बायबलमधले वचन अशा वेळी हमखास पुढे केले जाते. फळ मोजायला सोपे असते, मुळाशी पाहायला खणावे लागते.

कायदा मागोमाग, लंगडत आला. इंग्लंडमध्ये शिक्षकाने सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याशी लैंगिक संबंध ठेवणे आधीपासून गुन्हा होता, कारण तेथे विश्वासाचे पद मानले जाई. धर्मगुरू, युवापाळक आणि क्रीडाप्रशिक्षक त्या व्याख्येत २०२२ मध्ये आले. अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी ही तरतूद लागू नाही. शेफील्डच्या होमबेस टीममधल्या स्त्रिया प्रौढ होत्या, म्हणजे हा कायदा त्या वेळी असता तरी त्यांच्या उपयोगाचा नव्हता.

त्यांना दुसरी वाट शोधावी लागली. दशकांनंतर पोलिसांनी तपास केला आणि क्रिस ब्रेनवर १३ स्त्रियांनी केलेल्या आरोपांवरून एक बलात्काराचा आणि ३६ असभ्य हल्ल्याचे असे गुन्हे दाखल झाले. जे घडले ते संमतीने घडले, असा त्याचा बचाव होता. लंडनमधील न्यायालयात पन्नाशी-साठीच्या स्त्रिया विशीतल्या स्वतःबद्दल साक्ष देत होत्या, आणि ज्युरीला नेमका तो प्रश्न सोडवायचा होता जो १९९५ मध्ये विचारलाच गेला नव्हता : नकार द्यायला जागाच ठेवली नसेल, तर होकाराला काय म्हणायचे? ऑगस्ट २०२५ मध्ये ज्युरीने ९ स्त्रियांच्या बाबतीत १७ आरोपांवर त्याला दोषी ठरवले, १५ आरोपांतून मुक्त केले, आणि बलात्काराच्या आरोपासह उरलेल्या पाचांवर त्यांचे एकमत होऊ शकले नाही. तेव्हा आरोपीचे वय ६८ होते, आणि पॉन्ड्स फोर्जमधली शेवटची उपासना होऊन तीस वर्षे झाली होती.